साडूपेक्षा वीतभर लांब कॅरियर

मी जावळीतला. मेढ्याच्या वरल्या अंगाला आमचं गाव, डोंगराला चिकटलेलं, शेत म्हंजी नुसत्या पायऱ्या, औत वळवायचं म्हनलं तर बैलाला बी इचार करावा लागायचा. नाव संपत. बा भात लावायचा, नाचणी करायचा, आन मी येष्टीच्या मागं पळायचो. दिवसातनं एकदा यायची गाडी. तिचा धूर नाकात गेला की मला लय बरं वाटायचं, काय सांगू तुमाला, आय म्हणायची ह्ये पोरगं जेवत न्हाई, धूर खातंय. मग साताऱ्याला फौजेच्या भरतीला गेलो, उंची मापात बसली, छाती बसली, आन सायबानं इचारलं काय व्हायचंय, तर मी म्हनलं डायवर. लोकं बंदूक मागत्यात, म्या ठेरिंग मागितलं. मिळालं बी. सगळी नोकरी बर्फात, घाटात, थ्री टन गाडीवर गेली. आमचा उस्ताद हरियाणाचा, त्यो म्हणायचा लोड जितका खाली ठेवशील तितकी गाडी तुझं ऐकंल. ह्ये ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

लगीन झालं ते बी गाडीमुळंच झालं म्हना. सासरवाडी माझी कराडच्या अलीकडं. सासरा येष्टीचा डायवर, सगळी हयात घाटात गाडी चालवली, आन लय कडक मानूस, कुणाच्या गाडीत बसला की पाय आपोआप बिरेकवर दाबल्यागत करायचा. त्यांना ल्योक न्हाई. दोन पोरी, थोरली शालन, धाकली सुमन. सुमन माझी. मला बघायला आले तवा शेती किती, घर कसलं, काय इचारलं न्हाई मामांनी. इचारलं, चढाला गेर कवा बदलता? मी म्हनलं, इंजान वरडायच्या आधी. झालं, तिथंच सुपारी फुटली. डायवरानं डायवराला पोरगी दिली.

पर थोरली दिली हुती विट्याला. आता विट्याचं तुमाला ठावं असंल, घरटी एक मानूस सोनं गाळायला बाहीर. माझा साडू उत्तमराव, त्याचं दुकान तिकडं सेलमला. वरसातनं दोनदा यायचा, आला की अंगावर सेंट, हातात जाड आंगठी, पोरींसाठी तिकडल्या साड्या. वाईट मानूस न्हाई हां. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. हसून बोलायचा, गड्या गड्या करून खांद्यावर हात टाकायचा. आन त्यो हात खांद्यावर पडला की माझ्या पोटात दुखायचं.

आमी दोघं साडू जेवायला बसलो की मामी आधी त्याच्या ताटात वाढायच्या. आता तुमी म्हणाल थोरला जावई हाय, आधी वाढणारच. व्हय, ते मला बी कळतंय. पर तूप कुणाच्या पोळीवर किती पडतंय ते मी बघायचो. सुमन पदर तोंडाला लावून म्हणायची, आवं, ताटाकडं बघा की स्वताच्या. मी ताटाकडं बघायचो, पर डोळा तिकडंच. ज्याला सासऱ्याच्या घरात दुसरा जावई न्हाई त्याला ह्ये कळायचं न्हाई. तुमाला हाय का साडू? न्हाई? नशीबवान हाय तुमी.

तर रिटायर झालो, गावाकडं आलो. घरी बसून काय करनार. पुण्याच्या एका मानसाची फोरव्हील गाडी घेतली, वापरलेली, पर इंजान खणखणीत, चारी चाकं वढणारी. आन धंदा सुरू केला, पुण्या-मुंबैची मानसं डोंगरात हिंडवायची, कोयनेच्या पाण्याच्या कडंला तंबू ठोकायचे, चूल पेटवायची, भाकरी आमच्या सुमनची. धंदा बरा चालला. अडचण एकच. तंबू, गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन, समदं आतच. मानसं बिचारी गुडघं छातीला लावून बसायची. एक बाई मला म्हनली, काका, सहलीला मी आलेय का तुमची गादी आलीय? तवा ठरवलं, टपावर कॅरियर पायजे.

साताऱ्याला हायवेच्या कडंला गाड्यांच्या सामानाचं दुकान हाय, तिथं गेलो. एक अख्ख्या टपाचं, लोखंडी, चारी बाजूनं कठडा. एक नुसत्या दोन आडव्या दांड्या. आन एक आल्युमिनचं, अर्ध्या टपाचं, पुढं वारं कापायला पट्टी, हलकं इतकं की एका हातानं उचललं म्या. मी फौजी डायवर, मला ह्यातलं कळतंय. टपावर लोखंड चढवलं की गाडी वळणाला झोके खाती, डोंगराच्या वाटंला झाडाच्या फांद्या अडकत्यात, आन डिझेल पिती ते वायलंच. तंबू आन गाद्या काय जड असत्यात व्हय? म्हनून त्ये अर्ध्या टपाचं पसंत केलं. टपाला भोक पाडायचं न्हाई, कडंच्या पन्हाळीला चिमटं बसवायचं, म्हंजी पावसाचं पानी आत गळनार न्हाई. दुकानदाराला म्हनलं ह्येच ठेव, धोंड्याचं जेवान उरकून येतो आन बसवतो. लय बरूबर निवड केली हुती. आजबी सांगतो, तीच बरूबर हुती.

आता मधी एक गोष्ट सांगायची राहिली. मामांच्या देव्हाऱ्यातले टाक लय झिजले हुते, खंडोबाचं तोंड वळखू येत न्हवतं. टाक उजळले की ते कुळदैवताला भेटवून आनायचे, अशी रीत हाय. त्यांचा भैरोबा पाटणच्या अंगाला, डोंगरावर, रस्ता म्हंजी नुसते दगड. तर टाक उजळून आनायचं काम आपसूक उत्तमरावाकडं गेलं, सोन्या-चांदीतला मानूस, त्यानं नव्यावानी करून आनले, मामी टाकाकडं बघत्यात आन त्याच्याकडं बघत्यात, आन माझा जीव वर-खाली. पर मामा म्हनले, धाकलं पाव्हणं, देव न्यायचे तुमच्या गाडीतनं, तिथं फोरव्हीलच पायजे. मी देव मांडीवर घेऊन तुमच्या शेजारी बसनार.

ह्ये आईकलं आन मला रडू यायचं बाकी राहिलं. ज्याला ल्योक न्हाई त्यो मानूस घरचे देव घेऊन माझ्या शेजारी बसनार. म्हंजी ल्योक कोन झाला? सांगा तुमीच. सुमनला म्हनलं, बघितलंस? ती म्हनली, बघितलं, आता गप बसा, फुगू नगा.

मग धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात जावयाला बोलवून वाढत्यात, तुमाला ठावंच हाय. मी माझी गाडी धून-पुसून लवकर गेलो, दारात मोक्याच्या जागी लावली, म्हंजी ओसरीवरनं दिसंल अशी. आन बसलो मामांशी गेराच्या गोष्टी करत. तेवढ्यात हॉर्न वाजला. काळी गाडी. नवी कोरी. फोरव्हील. उत्तमराव उतरला, हसला, म्हनला, गड्या, तुझं बघून घेतली बघ, म्हनलं आपन बी डोंगर हिंडावा. माझं बघून! आन टपावर कॅरियर, काळं कुळकुळीत, पुढच्या काचंपासनं मागल्या दारापर्यंत, कडंला बारके दिवे, मागं चढायला शिडी. आख्खी आळी बघायला आली. मामी पायावर पानी घालायला तांब्या घेऊन आल्या, तांब्या तसाच हातात, बघत्यात वर.

मला धोंडं गोड लागलं न्हाईत. एकसुद्धा. पुरनात मीठ पडलंय असं वाटाया लागलं. जेवान झाल्यावर सगळी सुपारी कातरत बसली, मी म्हनलं बघतो जरा गाडी, आन बाहीर आलो. शिडीवर चढलो. इकडं-तिकडं बघितलं, कोन न्हाई. वीत टाकत टाकत कॅरियर मोजलं, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. शेवटच्या वितंला खालनं आवाज आला, गड्या, गाडी पुसायचं कापड देऊ का? उत्तमराव. त्याला वाटलं मी हात फिरवून कौतुक करतोय. मी म्हनलं, धूळ बसली हुती.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेलोच न्हाई. गेलो मेढ्याला, शकूरभाईकडं. वेल्डर हाय, दारं-खिडक्या करतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. त्याला वितीचं माप दिलं आन म्हनलं ह्याच्यापेक्षा वीतभर लांब कर. शकूरभाईनं माझ्या गाडीकडं बघितलं, मापाकडं बघितलं, म्हनला, संपतराव, गाडी संपल्यावर बी कॅरियर राहतंय. वरात काढायचीय का? मी म्हनलं तू कर. म्हनला, पाइप हलका घालतो. मी म्हनलं भक्कम घाल. कठडा टाक. शिडी टाक. उस्ताद डोक्यात वरडत हुता, लोड खाली, लोड खाली, त्याला म्हनलं तू बी गप. सुमननं बघितलं आन तिला काय सांगावं लागलं न्हाई. म्हनली, आवं, ताईच्या गाडीचं बघून केलं न्हवं? मी म्हनलं, धंद्याला लागतंय. ती म्हनली, धंद्याला तंबू लागत्यात, ह्याच्यावर म्हैस मावंल.

देव भेटवायचा दिस आला. आदल्या दिवशीच सासरवाडीला गेलो आन दारात गाडी लावून ज्यो भेटंल त्याला कॅरियर दाखवत सुटलो. भक्कम हाय, बसा वर, नाचा वर, काय बी होनार न्हाई. मामा आले, मान वर करून बघितलं, कठड्याला धरून गाडी हलवली, म्हनले, भक्कम हाय. माझी छाती अशी झाली. उत्तमरावाच्या कॅरियरकडं बघितलं बी न्हाई त्यांनी. मी मनात म्हनलं, झालं काम.

आन मामांनी तिथंच फोन लावला. कुणाला? टेंपोवाल्याला. भैरोबाला वर सैपाक करायचा असतो, भावकीला जेवान, त्याचं सामान न्यायला टेंपो सांगितला हुता. त्याला म्हनले, येऊ नगंस, आमच्या धाकल्या पाव्हण्याच्या गाडीवर मावतंय समदं.

मला तवा बी उजाडलं न्हाई बघा. उलट बरं वाटलं. सकाळी सामान चढाया लागलं. पातेली, काहिली, तांदळाची पोती, जळान, सतरंज्या. भावकीतली मानसं शिडीवर चढून, भक्कम हाय रं, घाल अजून, घाल अजून. आतली मागली शिटं पाडून पान्याचे कॅन ठेवले. आन मी पुढचं शीट फडक्यानं पुसून, त्याच्यावर नवा टॉवेल हातरून, दार उघडून उभा. मामा नव्या टोपीत बाहीर आले, हातात देवाची पाटी, हळद-कुकवानं माखल्याली, वर फुलं. माझ्याकडंच आले. एक पाय उचलला सुदिक.

आन मामी म्हनल्या, आवं, काय करताय? देवाच्या डोक्यावर काहिली?

मामा थांबले. वर बघितलं. आता ही रीत आमच्या जावळीत बी हाय, मी काय परक्या मुलखातला न्हाई. देव बसलेत त्यांच्या डोक्यावर ओझं ठेवायचं न्हाई. देव्हाऱ्यावर आमी फळी मारत न्हाई, माळ्यावर झोपत न्हाई त्या जागी. मला बारकेपनापासनं ठावं हाय. पर कॅरियर करताना ध्यानात आलं न्हाई, सामान चढताना आलं न्हाई, माझ्या डोळ्यापुढं फकस्त ती काळी गाडी. मी म्हनलं, थांबा मामा, आत्ता उतरवतो, उत्तमरावाच्या कॅरियरवर टाकू, त्येचं बी मोठं हाय की. उत्तमराव लगीच म्हनला, टाक की गड्या. पर शालनताई म्हनली, आवं ते शोभेचं हाय, दुकानवाल्यानं सांगितलंय दोन बॅगांपेक्षा जास्त काय ठेवू नगा. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आन म्हनले, राहू द्या पाव्हणं, तुमचं भक्कम हाय.

भक्कम! माझाच शब्द.

देव गेले काळ्या गाडीत. रिकाम्या कॅरियरखाली. मामा पुढं, मांडीवर पाटी, मामी आन ताई मागं. माझ्या शेजारी टॉवेलावर सुमन बसली, पायात तेलाचा डबा. निगालो. त्यांची गाडी पुढं, मी मागं, त्यांची धूळ माझ्या काचंवर. टपावर काहिली ठाण ठाण वाजतीय, गाडी वळणाला झोके खातीय, वस्तीतनं चाललो तर एक मानूस दुसऱ्याला सांगतोय, आचारी आला वाटतं. आचारी! बर्फात गाडी घातलेला मानूस मी.

नजर माझी त्या पुढच्या टोपीवर. मामा सारखे हलत हुते. घाट लागला तसा त्यांनी काचंतनं हात बाहीर काढला आन त्या नव्या गाडीचा डावा आरसा धरून वाकवला. म्या म्हनलं बघ, सुमन, बघ तुझा बा, नव्या गाडीची हौस करतोय, आरशात टोपी बघतोय. माझ्या गाडीत कवा आरशाला हात लावला न्हाई. सुमन म्हनली, तुमी त्यांच्या आरशाकडं नगा बघू, रस्त्याकडं बघा. वरच्या अंगाला दगडाचा रस्ता सुरू झाला. चारी चाकं जोडली, पयला गेर, ओझं असं की जरा चुकलं तर गाडी कडंला झोपंल. म्या हळू काढली, चाक दगडावर ठेवत ठेवत, काहिलीचा सुदिक आवाज बंद झाला. पर कौतुक करायला कोन हुतं? तेलाचा डबा.

वर देवाची भेट झाली, टाक भैरोबाच्या पायाला लावले, गुरवानं अंगारा दिला. मी तवा पातेली उतरवत हुतो. नारळ फुटल्याला आवाज आईकला तेवढाच. जेवनं झाली. मी गाडीच्या सावलीत एकटाच बसलो, तर उत्तमराव आला. तोंड असं उतरल्यालं. बसला शेजारी. खांद्यावर हात न्हाई, गड्या न्हाई. म्हनला, संपतराव, तुमचं बरं हाय. मी म्हनलं, काय बरं हाय, आचारी केलं मला. तर म्हनला, सगळी वाट म्हातारा आरशात तुमालाच बघत हुता. माझा आरसा वाकवून घेतला, मला मागचं काय दिसंना. एक वळान आलं की म्हनायचा, बघा थोरलं पाव्हणं, बघा, धाकल्यानं आत्ता गेर टाकला, इंजान वरडायच्या आधी. यवढं ओझं हाय आन गाडी कशी धरलीय. दगडाच्या रस्त्याला तर मला गाडी थांबवायला लावली आन म्हनला, त्याला येऊ दे, बघू दे मला. म्हनला, सगळ्या नोकरीत असला हात म्या बघितला न्हाई, माझा ल्योक असता तर असाच असता. उत्तमराव म्हनला, देव माझ्या गाडीत, सासरा माझ्या गाडीत, नवी गाडी मी घेतली त्याच्यासाठी, आन म्हातारा एकदा बी म्हनला न्हाई गाडी चांगली हाय. 

मी म्हनलं, काय म्हनले? परत सांगा. त्यानं परत सांगितलं. मी म्हनलं, ल्योक म्हनले का ल्योकावानी म्हनले? त्यो चिडून उठून गेला.

आता तुमी म्हणाल, झालं की मग, मिळालं तुला पायजे ते. व्हय, मिळालं. घटकाभर आभाळ ठेंगणं झालं मला. पर उतरताना परत त्याच्या मागं मी, पुढं ती टोपी, आन डोक्यात आलं, आयला, म्हातारा जे बोलला ते कुठं बोलला? त्याच्या गाडीत. माझ्या जल्माचं कौतुक झालं आन ते आईकलं कुनी, तर साडूनं. मी मागं धूळ खात हुतो. आन आईकून त्यानं समदं मला सांगितलं का न्हाई, ह्येचा बी भरवसा न्हाई, येखादा शब्द ठेवला असंल त्यानं सवताकडं. ती काळी गाडी दिसली की आजबी वाटतं, माझं काय तरी तिच्यात राहिलंय.

कॅरियर हाय अजून. तुमी वर चढून बघितलंच की काल, तुमचे तंबू एका कोपऱ्यात पडलेत, बाकी रिकामं. शकूरभाई म्हनतो कापून देतो अर्धं. सुमन बी म्हनती काढा. काढीन. उत्तमराव वरसातनं दोनदा येतो, आता आला की माझ्याशी जरा कमीच हसतो, आन खरं सांगू, त्याचं मला बरं वाटतं.

मामा थकलेत आता. दिसतं कमी, चालनं घरातल्या घरात. कराडकडं भाडं असलं की मी वाट वाकडी करून जातो, उशाला बसतो. घाटाचा इषय काढतो, गेराचा काढतो. म्हनतो, मामा, त्या भैरोबाच्या वाटंला काय दगड हुते न्हाई? त्यांनी एकदा माझ्या तोंडावर बोलावं, यवढंच. म्हातारा माझ्याकडं बघतो, हात हातात घेतो, आन म्हनतो, पाव्हणं, च्या घेतला का?

मी म्हनतो, घेतला. मग मामी परत ठेवत्यात, आन मी बसून राहतो.